तीन नंबर चेंबरचा फोन

दुर्गेश भित्रा आहे. हे मी त्याच्या पाठीमागे सांगत नाही. तोंडावर कितीदा तरी सांगितलं आहे आणि त्यानंही कधी नाकारलेलं नाही. आमचे मालक मनोहरराव म्हणतात, त्याच्या भीतीमुळेच रुखमाबाई वाचली. मी म्हणते, त्याच्या भीतीमुळेच ती मरणाच्या दारात जाऊन आली. आम्ही दोघंही खरं बोलतो. आणि त्या दुपारी रुखमाबाईला बंद चेंबरमध्ये ‘सावकाश सांगा, मी ऐकतेय’ म्हणत होता तो आवाज माझा होता, हेही खरंच आहे.

आमचं शीतगृह काटोल रोडला, वस्ती संपल्यावर. मिरची, चिंच, डाळी, आणि हंगामात संत्री. पाच चेंबर आहेत. एकेका दाराची जाडी वीतभर, भिंतीही तशाच. आत गेलं आणि दार लागलं की बाहेरच्या माणसाने ढोल बडवला तरी ऐकू येत नाही, आणि आतल्याने बोंब मारली तरी बाहेर कळत नाही. मोबाइल तर आत नुसता डबा. म्हणून प्रत्येक चेंबरमध्ये दाराजवळ भिंतीवर एक फोन लावलेला आहे. मी समोरच्या ऑफिसात बसते. येणारा-जाणारा, गाड्यांचे पास, व्यापाऱ्यांचे फोन, सगळं माझ्याकडे. ‘देवकीताईला विचारा’ हे आमच्याकडे दिवसातून शंभरदा ऐकू येतं.

एप्रिलच्या अवकाळीत वीज पडली आणि फोनचा जुना डबा जळाला. तो भिंतीवरचा डबा म्हणजे आमचं एक्सचेंज. मेकॅनिक म्हणाला, याचे सुटे भाग आता मिळत नाहीत. तेव्हा मनोहररावांच्या कुणा ओळखीच्याने दुर्गेशचं नाव सुचवलं. हुडकेश्वरला राहतो, पूर्वी हिंगण्याच्या एका कारखान्यात कंप्यूटर सांभाळायचा, आता स्वतःची कामं घेतो, एवढंच कळलं होतं.

तो पहिल्यांदा आला तो गेटवरूनच फोन करून.

“ताई, कुत्रा बांधलेला आहे का?”

“नाही गा. काही करत नाही तो.”

“कुत्रेवाले सगळे असंच म्हनतात. कोनाले तरी पाठवा ना घ्याले.”

वयाने चाळिशीचा माणूस, पोटावर बॅग घट्ट धरून, आमच्या मार्तंडच्या मागे लपत ऑफिसात आला. मार्तंड आमचा मशीनवाला. कंप्रेसर, पंप सगळं त्याच्याकडे. धिप्पाड गडी. त्याच्यामागे दुर्गेश म्हणजे हत्तीमागे शेळी. मला हसू आवरेना. पुढे कळलं की कुत्रा ही सुरुवात होती. हा माणूस लिफ्टमध्ये बसत नाही, पाचव्या मजल्यावरचं कामही जिना चढून करतो. हेल्मेटचा पट्टा लावला की नाही ते सिग्नलवर पुन्हा चाचपतो. त्याची बायको रीना एकदा आली होती. तिने तर कहरच सांगितला. घरी बाथरूमची कडी तो लावतच नाही. आत गाणं म्हणत असतो, म्हणजे कुणी चुकून दार ढकलणार नाही. “लग्नाले पंधरा वर्षं झाली, मले सगळी जुनी गाणी पाठ झाली,” ती म्हणाली, आणि तोही तिच्याबरोबर हसला.

लहानपणी काटोलला मामाच्या घरी खेळता खेळता पोरांनी त्याला धान्याच्या कोठीत बंद केलं होतं आणि विसरून जेवायला गेली होती. त्याने हे मला एकदाच सांगितलं, तेही दुसरीकडे बघत. मी त्यावर थट्टा केली नाही. तेवढी अक्कल मला आहे.

पण कामाला बसला की हा दुसराच माणूस व्हायचा. त्याने मनोहररावांना समजावलं की नवीन डबा घ्यायची गरजच नाही. स्टोअरमध्ये धूळ खात पडलेला एक कंप्यूटर आहे, त्यावर लिनक्स टाकतो, आणि वर फोनची एक ओपन सोर्स प्रणाली बसवतो. जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेली, कुणीही घ्यावी, कुणीही उघडून बघावी. फोन जुनेच, तारा जुन्याच, मधे एक छोटी पेटी लागेल, बाकी एक्सचेंजचं सगळं काम कंप्यूटर करील.

“म्हनजे फुकट?” मनोहररावांनी विचारलं.

“प्रणाली फुकट. मी नाई,” दुर्गेश म्हणाला.

आठवडाभर तो माझ्या शेजारच्या टेबलावर बसला. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं, आणि त्यात तो पोथी वाचल्यासारखा पुटपुटायचा. या नंबरवर फोन आला तर आधी हे कर, मग ते कर, कुणी उचललं नाही तर तिसरं कर, असं सगळं त्याला ओळीओळीने लिहून द्यावं लागायचं. “ताई, हा कंप्यूटर लय इमानदार,” तो म्हणायचा. “सांगितलं तेवढंच करते. आपल्या मनचं काहीच नाई करत.” मला त्यात कौतुक करण्यासारखं काय ते कळत नव्हतं. आमच्याकडे सांगितलं तेवढंच करणाऱ्या माणसाला आम्ही कामचुकार म्हणतो.

त्याला एकाच गोष्टीची भीती होती, की फोन वाजत राहील आणि कुणी उचलणार नाही. कारखान्यात असताना कधीतरी एक महत्त्वाचा फोन असाच वाजून वाजून गेला होता आणि बोलणी त्याला बसली होती. म्हणून त्याने ठरवलं, आपल्या प्रणालीत एकही फोन न उचललेला राहणार नाही. घंटी वाजायच्या आतच कंप्यूटर फोन उचलील आणि गोड आवाजात बोलेल. मालाच्या चौकशीसाठी एक दाबा, गाडीसाठी दोन, बिलासाठी तीन. तसं दाबलं की मग माझ्या टेबलावर वाजेल. कुणी काहीच दाबलं नाही तर कंप्यूटर सगळं पुन्हा एकदा सांगेल, आणि नमस्कार करून ठेवून देईल.

गोड आवाज कुणाचा, तर माझा. मनोहररावांची कल्पना. “आपले शेतकरी, व्यापारी देवकीताईले ओळखतात. त्यांले वाटलं पायजे का ताईच बोलून राहिली.” मलाही मनातून बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. पंखा बंद करून, दारं लावून, दुर्गेशने माझं बोलणं टिपून घेतलं. नमस्कार, मी देवकी बोलतेय. आपण फोन केलात, आनंद झाला. घाई करू नका, सावकाश सांगा, मी ऐकतेय. हे शेवटचं वाक्य माझं स्वतःचं. कागदावर नव्हतं. दुर्गेश म्हणाला, वा ताई, एकदम घरच्यासारखं.

मग चाचणी. त्याने प्रत्येक फोनवरून ऑफिसचा नऊ नंबर फिरवून पाहिला. गेटवरून, वजनकाट्यावरून, मशीनरूममधून. चेंबरमध्ये मात्र तो आत गेला नाही. रुखमाबाईला दार सताड उघडं धरायला लावलं, स्वतः उंबरठ्यावर उभा राहिला, एक पाय बाहेर, आणि हात लांब करून रिसीव्हर घेतला. पाचही चेंबरमध्ये असंच. माझा आवाज ऐकला की खुशीत मान हलवायचा आणि पुढच्या दाराकडे जायचा.

रुखमाबाई आमची जुनी बाई. चेंबरमध्ये जाऊन क्रेटमधली खराब झालेली संत्री निवडून काढायची, हे तिचं काम. लुगड्यावर स्वेटर, वर कानटोपी, वर मफलर. बाहेर एप्रिलचं ऊन आणि ही अशी. कुणी हसलं की म्हणायची, “हास बाप्पा, हास. मी दोन्ही ऋतू संगच भोगतो.”

आता आमच्याकडची एक रीत सांगते. चेंबरमध्ये जाणारा माणूस दार लावून घेतो, कारण थंडी बाहेर गेली तर मार्तंड शिव्या घालतो. दार लावलं की तो भिंतीवरचा फोन उचलून नऊ फिरवतो, ऑफिसात एक घंटी वाजू देतो आणि ठेवून देतो. म्हणजे, मी आत गेलो. निघताना दार उघडून पुन्हा एक घंटी. म्हणजे, मी बाहेर आलो. मी उचलत नाही. उचलायचं नसतंच. चहा पिऊन व्हावा एवढ्या वेळात दुसरी घंटी आली नाही की मी मार्तंडला हाक मारते आणि तो जाऊन बघतो. हे कुणी ठरवलं, कधी ठरवलं, माहीत नाही. कुठे लिहिलेलं नाही. मी लागले तेव्हाही हे होतंच. दुर्गेशला हे कुणीच सांगितलं नाही. मीही नाही. नाकाने श्वास घ्यायचा हे कुणी कुणाला सांगतं का? आणि तो एकदा जरी रुखमाबाईबरोबर आत गेला असता तर त्याला आपोआप दिसलं असतं.

ज्या दिवशी नवीन फोन सुरू झाला त्या दिवशी ऑफिसात फार छान शांतता होती. व्यापारी फोन करत होते, कंप्यूटर माझ्या आवाजात त्यांना मार्गी लावत होता, माझ्यापर्यंत मोजकेच पोचत होते. जेवण झाल्यावर मी खुर्चीत पाय वर घेऊन बसले. मनोहरराव दोनदा बाहेर येऊन म्हणाले, “पाहा, केवढा फरक पडला.” दुर्गेश मात्र सकाळपासून जेवलासुद्धा नव्हता. डबा उघडून समोर ठेवलेला आणि डोळे काळ्या पडद्यावर. काही बिघडलं तर, काही बंद पडलं तर, या भीतीने तो एकेक फोन येताना-जाताना बघत होता.

मग तो हसला. त्या दिवसातलं त्याचं ते पहिलं हसू.

“ताई, आपला सगळ्यात भारी गिऱ्हाईक कोन आहे माहीत आहे का? तीन नंबर चेंबर. कवापासून फोन करून राहिला. आता बी चालूच आहे. पन एक फोन वाया नाई गेला पाहा. सगळे उचलले.”

“कोणी उचलले?” मी विचारलं.

“तुमीच. म्हनजे, तुमच्या आवाजानं.”

मी पाय खाली घेतले. तीन नंबरला संत्री होती. संत्र्यांकडे रुखमाबाई. आणि दुपारपासून माझ्या टेबलावर चेंबरची एकही घंटी वाजली नव्हती. ती आत कधी गेली हेच मला माहीत नव्हतं. मी उठून उभी राहिले.

“ताई, काहून? काय झालं?”

“रुखमा आत हाय गा,” मी कशीबशी म्हणाले, आणि पळत सुटले.

ऑफिसपासून तीन नंबर काही लांब नाही. त्या दिवशी तो रस्ता संपेना. मार्तंडला हाका मारत मी धावत होते आणि कंप्रेसरच्या घरघरीत माझीच हाक मला ऐकू येत नव्हती. दाराशी पोचले. बाहेरची दांडी ओढली. हलेना. चौकटीतली रबराची पट्टी थंडीने आखडून चिकटून बसली होती. आतून ढकलायची दांडी असते, ती तर दोन दिवसांपासून जड चालत होती. मी दारावर थापा मारल्या. माझ्या थापा आत पोचत नाहीत हे माहीत असून मारत राहिले. रुखमा, रुखमा. पलीकडून काहीच नाही. ती मेली, असं मला स्पष्ट वाटलं. मी हे शब्द तेव्हा मनात उच्चारले.

मार्तंड पहार घेऊन आला. दोन दणक्यात दार सुटलं आणि गारठ्याचा लोट अंगावर आला. रुखमाबाई फोनखाली बसली होती. रिकामी पोती अंगाभोवती ओढलेली, गुडघे छातीशी, ओठ निळेजांभळे. रिसीव्हर हातात होता. मी वाकले तेव्हा त्यातून माझा आवाज येत होता. घाई करू नका, सावकाश सांगा, मी ऐकतेय.

दुर्गेश उंबरठ्यावर होता. त्याचा पाय आत पडेना. दोन्ही हातांनी दार धरून तो ओरडत होता, “लावू नका, कोनी लावू नका दार!” लावणारं कुणी नव्हतंच. मार्तंडने रुखमाबाईला उचलून बाहेर आणलं. मनोहररावांनी स्वतः गाडी काढली. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, आणखी थोडा उशीर झाला असता तर काही सांगता आलं नसतं. दुर्गेश दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून राहिला. आत आला नाही, घरीही गेला नाही.

दुसऱ्या दिवशी मी भेटायला गेले. रुखमाबाई उशीला टेकून बसली होती, बोटांना पट्ट्या होत्या. मला वाटलं रडेल. ती रडली नाही. रागावलीही नाही.

“ताई, तुमाले किती वेळ सांगतलं मी,” ती म्हणाली. “दार लागलं म्हनून सांगतलं. दांडी सरकून नाई राहिली म्हनून सांगतलं. तुमी आयकतो म्हने. सावकाश सांग म्हने. मी सावकाशबी सांगतलं. मंग तुमी फोन ठेवून द्या. मी पुन्हा लावो. पुन्हा तसंच.”

“अवं, ती मी नव्हते. ते मशीन होतं.”

“आवाज तुमचाच होता ना वं.”

“माझाच होता.”

“मंग?”

तिने एक का दाबला नाही, दोन का दाबला नाही, असं नंतर मनोहररावांनी विचारलं तेव्हा मी त्यांच्यावर खेकसले. समोरचं माणूस ‘मी ऐकतेय’ म्हणत असताना कुणी बटणं दाबत बसतं का? मालक असले म्हणून काय झालं, मी दोन दिवस त्यांच्याशी धड बोलले नाही.

दुर्गेश आता येणार नाही, अशी माझी खात्री होती. तो तिसऱ्या दिवशी आला. गेटवरून फोनसुद्धा केला नाही. कुत्र्याच्या शेजारून, थरथरत, पण सरळ चालत आला आणि माझ्यासमोर बसला.

“ताई, आता मले सगळं सांगा. कोन कवा फोन करते, काहून करते, कोन उचलत नाई, काहून उचलत नाई. सगळं.”

मी सांगितलं. मार्तंडने सांगितलं. गेटवाल्याने सांगितलं. मग त्याने पुन्हा ते काळ्या पडद्यावरचं लिखाण काढलं. आतल्या कुठल्याही फोनवरून नऊ फिरवला की कंप्यूटरने तोंड उघडायचं नाही, सरळ माझ्या टेबलावर घंटी. पहिली घंटी वाजली की माझ्या पडद्यावर त्या चेंबरचं नाव लाल. दुसरी घंटी वेळेत आली नाही तर गेटपासून मशीनरूमपर्यंत सगळे फोन एकदम वाजणार. मार्तंडने पाचही दारांच्या दांड्या आणि रबराच्या पट्ट्या बदलल्या. दुर्गेश मात्र अजूनही उंबरठ्याच्या आत गेला नव्हता, आणि त्याला कुणी जा म्हटलंही नाही.

रुखमाबाई कामावर आली तेव्हा बोटांच्या पट्ट्या सुटल्या होत्या. मी म्हटलं, निवडायचं काम आता दुसऱ्या बाईला देऊ, तू बाहेर वजनकाट्यावर बस. “घरच्या चुलीले भेतो म्हनून सैपाक सोडते का कोनी?” ती म्हणाली आणि कानटोपी घालायला लागली. तिचे हात कानटोपी बांधताना चुकत होते. मी बघितलं, दुर्गेशनेही बघितलं. तीन नंबरचं दार लागल्याचा धप्प आवाज आला.

घंटी वाजली. पडद्यावर तीन नंबर लाल झाला. दुर्गेशने श्वास सोडला.

पण घंटी थांबली नाही. दुसरी वाजली, तिसरी वाजली. मी रिसीव्हर उचलला.

“रुखमा? काय झालं? दार लागलं का?”

पलीकडे नुसता श्वास. मग हळू आवाजात, “कोन बोलून राहिलं?”

“मी. देवकी.”

“तुमी हाय का ते हाय?”

“मीच आहे वं. देवकीताई.”

“तेबी असंच म्हनत होतं,” रुखमाबाई म्हणाली. तिचा आवाज कापत होता, आणि तो थंडीने नव्हता. आत्ताच तर ती आत गेली होती.

मी काय सांगणार होते? मी ऐकतेय, घाबरू नकोस, सावकाश सांग, जे जे जिभेवर येत होतं ते सगळं आधीच माझ्याच आवाजात तिला सांगून झालं होतं. मी दुर्गेशकडे बघितलं. त्याला पलीकडचं ऐकू येत नव्हतं, पण माझ्या चेहऱ्यावरून त्याला कळलं असावं. खुर्ची मागे पडली आणि तो धावत गेला. मी रिसीव्हर तसाच टेबलावर टाकून त्याच्यामागे.

मी पोचले तेव्हा दार उघडं होतं आणि दुर्गेश आत होता. उंबरठ्यावर नाही, आत, संत्र्यांच्या क्रेटांच्या मधे, डोळे घट्ट मिटून. रुखमाबाई फोनजवळ उभी होती, रिसीव्हर कानाला लावलेला.

“मावशी,” तो डोळे न उघडता म्हणाला, “आमी आलो. ठेवा आता फोन.”

तिने ठेवला नाही. आधी हात लांब करून त्याचा दंड चाचपला, मग माझा. मग ठेवला.